लिनक्स लॅपटॉपवर वाय-फाय चालत नाही? अभ्यासिका आणि कार्यकर्त्यांसाठी पायरी-पायरीने दुरुस्ती

नवेगाव बांध परिसरातील एका विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही काही कार्यकर्ते मिळून संगणक चालवतो. लॅपटॉप सगळे जुने. नोकरीला लागलेल्या एखाद्या दादाने दिलेले, कुणाच्या घरी पडून असलेले, काही वर्गणी काढून दुरुस्त केलेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि यातले बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ साठी अपात्र ठरले. योगायोग असा की १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. आम्ही हे लॅपटॉप भंगारात न देता त्यांवर लिनक्स टाकले. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रावर बरे चालते आणि आतले सगळे उघडे असते.

अडचण एकच जागी वारंवार येते : वाय-फाय.

गेल्या हंगामात शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अभ्यासिकेत अर्ज भरत होती. "ताई, नेटच दाखवत नाही," म्हणाली. आम्ही लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, काही झाले नाही. शेवटी ती नेट सेंटरवर गेली, रांगेत उभी राहिली आणि रात्री उशिरा अर्ज कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी कळले की कीबोर्डवरचे विमानाचे चिन्ह असलेले बटण चुकून दाबले गेले होते. एका बटणापायी एका मुलीचे वर्ष जाता जाता वाचले. त्यानंतर आम्ही एक वही केली. प्रत्येक बिघाड, त्याचे कारण आणि उपाय त्यात लिहीत गेलो. हा लेख त्या वहीतून तयार झाला आहे. आपापल्या विहारात, वसतिगृहात, वाचनालयात तो छापून भिंतीवर लावायला हरकत नाही.

आधी चार कड्या समजून घ्या

"वाय-फाय चालत नाही" हे वाक्य डॉक्टरकडे जाऊन "बरे वाटत नाही" म्हणण्यासारखे आहे. लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंत चार कड्या असतात.

पहिली कडी म्हणजे लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड आणि त्याचा स्विच. दुसरी, त्या कार्डाला कामाला लावणारा ड्रायव्हर आणि फर्मवेअर. तिसरी, लॅपटॉप आणि राउटर किंवा मोबाइल हॉटस्पॉट यांच्यातली जोडणी. चौथी, राउटरपासून पुढे इंटरनेट.

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्याला मार्ग आहे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. इथेही तोच क्रम उपयोगी पडतो. आधी नेमकी कोणती कडी तुटली ते पाहा, मग उपाय करा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्ती झाली तरी कशाने झाली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आज्ञा कशा टाइप करायच्या

बरीच कामे माउसने होतात. काही ठिकाणी टर्मिनल उघडावे लागते. त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणे एकत्र दाबा. लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे चूक होण्याचा संभव आहे तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. आज्ञेच्या सुरुवातीला "सुडो" म्हणजे एस-यू-डी-ओ असेल तर लॅपटॉपचा पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना बऱ्याचदा पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, टाइप करून एन्टर दाबा.

पाच मिनिटांची पहिली तपासणी

१. त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून पाहा. मोबाइलवरही नेट येत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा पुढे आहे. लॅपटॉपला हात लावू नका.

२. मोबाइलवर नेट चालते का हे पाहताना मोबाइल डेटा बंद ठेवा. नाहीतर वाय-फाय बंद असूनही नेट चालू दिसते आणि फसगत होते.

३. लॅपटॉप दुसऱ्या वाय-फायला, म्हणजे मोबाइल हॉटस्पॉटला जोडून पाहा. तिथे चालला तर लॅपटॉप ठीक आहे.

४. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, एक मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. झाकण लावून उघडल्यानंतर वाय-फाय गेले असेल तर एवढ्यानेही काम होते.

५. पडद्यावरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहा. त्याचे कारण पुढे येईल.

या पाच गोष्टींनी कोणती कडी तुटली याचा अंदाज येतो. आता ज्या भागात तुमची अडचण बसते तो भाग वाचा.

वाय-फायचे चिन्हच दिसत नाही, किंवा चालूच होत नाही

ही पहिल्या किंवा दुसऱ्या कडीची अडचण आहे.

आधी स्विच पाहा. काही जुन्या लॅपटॉपांना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायचा छोटा स्विच असतो. इतरांमध्ये वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर विमानाचे किंवा मनोऱ्याचे चिन्ह असते. ते एफएन बटणासोबत दाबा.

मग टर्मिनलमध्ये "आरएफकिल लिस्ट" ही आज्ञा द्या : आर-एफ-के-आय-एल-एल, एक जागा, एल-आय-एस-टी. उत्तरात वायरलेस लॅन नावाखाली दोन ओळी दिसतील. "सॉफ्ट ब्लॉक्ड"पुढे "येस" असेल तर वाय-फाय सॉफ्टवेअरने बंद केलेले आहे. "सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय" दिले की ते उघडते. शेवटचा शब्द जोडून डब्ल्यू-आय-एफ-आय असा लिहायचा. "हार्ड ब्लॉक्ड"पुढे "येस" असेल तर आज्ञेने काही होणार नाही. तो प्रत्यक्ष स्विच किंवा बटणच शोधावे लागेल.

लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक शक्यता असते. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर "शटडाउन" केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही आणि काही वाय-फाय कार्डे अर्धवट अवस्थेत अडकून राहतात. मग लिनक्समध्ये कार्ड सापडत नाही. विंडोजमध्ये जाऊन पॉवरच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि विंडोज "रिस्टार्ट" करून थेट लिनक्समध्ये या.

स्विच ठीक असेल तर कार्ड ओळखा. "एलएसपीसीआय" म्हणजे एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा लॅपटॉपच्या आत बसवलेली कार्डे दाखवते. त्यात "नेटवर्क कंट्रोलर" असा शब्द असलेली ओळ शोधा. बाहेरून यूएसबीला लावलेला डोंगल असेल तर "एलएसयूएसबी" ही आज्ञा द्या. ओळीत कंपनीचे नाव दिसते. पुढचा मार्ग त्या नावावर ठरतो.

इंटेल : ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो. अडचण आली तर बहुधा फर्मवेअरची फाइल जुनी असते किंवा नसते. अपडेट केल्यावर सुटते.

एथेरोस : जुन्या लॅपटॉपांतली यांची बरीच कार्डे काहीही न टाकता चालतात. जुना लॅपटॉप निवडायची संधी असेल तर हे कार्ड चांगले.

ब्रॉडकॉम : अनेक कार्डांना कंपनीचा वेगळा, बंदिस्त ड्रायव्हर लागतो. लिनक्स टाकल्याबरोबर वाय-फाय दिसत नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच नाव शोधतो.

रिअलटेक : स्वस्त लॅपटॉपांत आणि डोंगलमध्ये हेच जास्त. नव्या लिनक्समध्ये यांतली बरीच कार्डे आपोआप चालतात, जुन्या आवृत्तीत चालत नाहीत. म्हणून आधी लिनक्सची नवीन आवृत्ती वापरून पाहा.

ओळीत काहीच सापडले नाही, कार्डच दिसत नाही, तर बायोसमध्ये ते बंद केले आहे का ते पाहा. तिथेही चालू असेल तर कार्ड सैल झालेले किंवा जळालेले असू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात विजा पडतात, लाईट येते-जाते, त्यात अशी कार्डे जातात.

नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा?

वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी वाय-फायचा ड्रायव्हर हवा, या कोड्यात नवखा माणूस अडकतो. यावर सोपा उपाय आहे : यूएसबी टेदरिंग.

अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या भागात जाऊन "यूएसबी टेदरिंग" चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काही क्षणांत केबलने नेट जोडल्याचे चिन्ह दिसते. एक लक्षात ठेवा : काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर आधी केबल बदला. दुसरा मार्ग म्हणजे राउटरची लॅन केबल थेट लॅपटॉपला लावणे.

नेट आले की लिनक्स मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर" आणि उबंटूमध्ये "अॅडिशनल ड्रायव्हर्स" उघडा. ज्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागतो त्याचे नाव तिथे येते. सुचवलेला पर्याय निवडा, लागू करा, लॅपटॉप पुन्हा चालू करा. मिंट टाकताना वापरलेला पेनड्राइव्ह जवळ असेल तर तो लावूनही ड्रायव्हर मॅनेजरला काही ड्रायव्हर मिळतात.

डेबियन वापरणाऱ्यांनी आवृत्ती पाहावी. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळते. त्याआधी ते वेगळे शोधून टाकावे लागायचे. आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेले बॉस लिनक्सही डेबियनवर आधारलेले आहे. त्यामुळे तिथेही हीच पद्धत लागू पडते.

ड्रायव्हर टाकूनही कार्ड चालत नसेल तर "सिक्युअर बूट" तपासा. बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरवर मान्यतेची सही नसेल तर सिक्युअर बूट त्याला चालू देत नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होताना निळा पडदा येतो. तिथे "एन्रोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण घाबरून तो पडदा ओलांडतात आणि मग ड्रायव्हर असूनही चालत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाका आणि यावेळी निळा पडदा पूर्ण करा. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करणे हाही मार्ग आहे, पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर रिकव्हरी की विचारली जाते. ती हाताशी असल्याशिवाय हे करू नका.

कालपर्यंत चालत होते आणि अपडेटनंतर गेले, असे असेल तर लॅपटॉप चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची यादी उघडा. "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय परत आले तर दोष नव्या कर्नलसोबत ड्रायव्हर न जुळण्याचा आहे. अर्जाचे काम जुन्या कर्नलवर उरका, मग निवांतपणे नव्या कर्नलवर ड्रायव्हर पुन्हा टाका. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मोठे अपडेट करू नका, हा नियम आम्ही अभ्यासिकेत लावला आहे.

वाय-फाय चालू आहे, पण आपलेच नाव यादीत नाही

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या लॅपटॉपांतल्या कित्येक कार्डांना फक्त पहिला पट्टा कळतो. मोबाइल हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर लॅपटॉपला त्याचे नाव कधीच दिसणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोनमध्ये "मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी" चालू करा.

दुसरे कारण चॅनलचे. २.४ च्या पट्ट्यात भारतात १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत साधारणपणे ११. लॅपटॉप अमेरिकेच्या नियमावर चालत असेल आणि राउटर १२ किंवा १३ व्या चॅनलवर असेल तर नाव दिसत नाही. "सुडो आयडब्ल्यू रेग सेट", त्यापुढे जागा सोडून मोठ्या अक्षरांत आय-एन, ही आज्ञा द्या. त्याहून सोपे म्हणजे राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा.

नाव मुद्दाम लपवलेले असेल तर "कनेक्ट टू हिडन नेटवर्क" निवडून नाव हाताने टाइप करावे लागते. मोठे-लहान अक्षर जसेच्या तसे हवे.

पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा विचारतो

आधी कोणता पासवर्ड विचारला जातोय ते वाचा. लिनक्समध्ये "कीरिंग" नावाची तिजोरी असते आणि कधी कधी तिचा पासवर्ड विचारला जातो. लोक तिथे वाय-फायचा पासवर्ड देत राहतात. कीरिंगला लॅपटॉपचा पासवर्ड द्यायचा असतो.

खरोखर वाय-फायचाच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क "फर्गेट" करा आणि नव्याने जोडा. पासवर्ड टाइप करताना डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे पाहा. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अक्षरे वेगळी पडतात. आमच्याकडे हे नेहमी घडते.

तरीही होत नसेल तर राउटर किंवा हॉटस्पॉटची सुरक्षा पाहा. ती फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या कार्डाला जमत नाही. डब्ल्यूपीए२ वर ठेवा. डब्ल्यूईपी मात्र कधीही वापरू नका, ते सहज फोडता येते.

जोडले गेले, पण पाने उघडत नाहीत

इथे चौथी कडी तपासायची. टर्मिनलमध्ये तीन पायऱ्या करा.

पहिली : "आयपी राउट" ही आज्ञा द्या. "डीफॉल्ट व्हाया" या शब्दांपुढचा क्रमांक हा तुमच्या राउटरचा पत्ता. "पिंग" लिहून जागा सोडा आणि तो क्रमांक द्या. उत्तरे आली तर लॅपटॉप ते राउटर रस्ता ठीक आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा.

दुसरी : "पिंग ८.८.८.८" द्या. अंक इंग्रजीत टाइप करा. उत्तर आले नाही तर राउटरपुढे इंटरनेटच नाही. लाईन तुटली असेल, रिचार्ज संपला असेल किंवा टॉवर बंद असेल. जंगलपट्ट्यातल्या आपल्या गावांत हेच कारण पुष्कळदा असते. अशा वेळी लॅपटॉप दुरुस्त करत बसू नका.

तिसरी : "पिंग" लिहून एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. दुसऱ्या पायरीला उत्तर येते आणि इथे येत नाही, तर दोष डीएनएसचा आहे. डीएनएस म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी यादी. वाय-फाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या "आयपीव्ही४" भागात डीएनएसचे "ऑटोमॅटिक" बंद करून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. मग वाय-फाय एकदा बंद-चालू करा.

तिन्ही पायऱ्यांना उत्तर येते, तरी ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो? मग तारीख पाहा. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक काळापुरती वैध असतात, त्यामुळे घड्याळ चुकले की ब्राउझर ती नाकारतो. तारीख दुरुस्त करा, "ऑटोमॅटिक डेट अँड टाइम" चालू करा आणि जमल्यास बॅटरी बदलून घ्या.

रेल्वे स्थानकावर किंवा एखाद्या संस्थेच्या मोफत वाय-फायवर आधी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देण्याचे पान यावे लागते. लिनक्समध्ये ते कधी कधी उघडत नाही. सुरुवातीला एस नसलेला, साधा एचटीटीपी पत्ता उघडला की ते पान समोर येते. त्यासाठी "नेव्हर एसएसएल डॉट कॉम" हे संकेतस्थळ उपयोगी आहे, नाव जोडून लिहायचे. तुम्ही डीएनएस हाताने बदलला असेल तर अशा ठिकाणी तो पुन्हा "ऑटोमॅटिक" करावा लागतो.

सारखे तुटते किंवा फार हळू चालते

बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप वाय-फाय कार्डाला अधूनमधून झोपवतो. काही कार्डे त्यातून नीट जागी होत नाहीत. हे बंद करायला अशी आज्ञा द्या : "एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय", मग अवतरणचिन्हांत नेटवर्कचे नाव, मग "वायफाय.पॉवरसेव्ह" मध्ये टिंब देऊन जोडून, मग जागा सोडून २. पहिला शब्द एन-एम-सी-एल-आय असा आहे. नंतर त्या नेटवर्कला पुन्हा जोडा. २ म्हणजे बचत बंद, ३ म्हणजे चालू.

जोडणी सांभाळणारी सेवा अडकली असेल तर "सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट नेटवर्कमॅनेजर" द्या. शेवटच्या शब्दात एन आणि एम मोठी अक्षरे, मधे जागा नाही.

आता जागेकडे पाहा. राउटर लोखंडी कपाटात, पत्र्याच्या छपराला लागून किंवा पाण्याच्या टाकीमागे ठेवलेला असेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असून उपयोग नाही. धातू लहरी अडवतो, पाणी शोषून घेते. राउटर खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंत ओलांडताना दमते. २.४ लांब जाते, पण शेजारच्या राउटरची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्हची गर्दी तिथेच असते.

दोन हात अंतरावर चांगले चालते आणि खोलीच्या दाराशी जाते, असे एखाद्याच लॅपटॉपचे होत असेल तर आतली अँटेनाची तार निसटलेली असण्याची शक्यता असते. जाणकाराकडून झाकण उघडून पाहून घ्या.

जुना लॅपटॉप घेण्यापूर्वी

दान असो वा विकत, लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या. लॅपटॉप त्यावरून चालू करा आणि "ट्राय" हा पर्याय निवडा. यात काही पुसले जात नाही. तिथेच मोबाइल हॉटस्पॉटला जोडून एखादे पान उघडा. वाय-फाय तिथे चालले तर टाकल्यानंतरही चालण्याची शक्यता मोठी. चाललेच नाही तर "एलएसपीसीआय"ची ओळ लिहून घ्या आणि मगच ठरवा. शेवटचा उपाय म्हणून छोटा यूएसबी वाय-फाय डोंगल मिळतो, पण वेष्टनावर "लिनक्स" छापले आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दुकानातच लावून पाहा.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द

आपल्या अभ्यासिकेच्या लॅपटॉपवर मुलामुलींची जातीची प्रमाणपत्रे, आधार, बँकेचे तपशील असतात. कार्यकर्त्यांकडे तक्रारींची आणि पीडित कुटुंबांची कागदपत्रे असतात. म्हणून राउटरचा कारखान्यातून आलेला अॅडमिन पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे काम टाळा. वापरून झाले की प्रत्येकाने ब्राउझरमधून लॉगआउट करावे.

इंटरनेटवर कुणीतरी "ही आज्ञा टाका, वाय-फाय सुरू होईल" म्हणून सांगतो. सुरुवातीला सुडो असलेली आज्ञा म्हणजे घराची किल्ली देणे. कालाम सुत्तात तथागतांनी दिलेला उपदेश आपण भाषणांत सांगतो : कुणी थोर म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. तोच उपदेश टर्मिनलसमोर पाळा. ती आज्ञा काय करते हे कळल्याशिवाय एन्टर दाबू नका. हा लेखही त्याला अपवाद नाही.

एका वहीची गोष्ट

आपल्याच तालुक्यात, गोठणगाव परिसरात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी बौद्धांची वसाहत १९७२ पासून आहे. तिकडे हिमाचलात, धर्मशाळेच्या तिबेटी समाजात २००५ साली वाय-फायचे एक सामुदायिक जाळे उभे राहिले. पुढे ते एअरजल्दी नावाने ओळखले गेले. त्याच वर्षी सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला होता. साधे स्वस्त राउटर, त्यांवर लिनक्सवर आधारलेले मुक्त सॉफ्टवेअर आणि डोंगराळ भागात एका छतावरून दुसऱ्या छताकडे जाणारा सिग्नल. शाळा, कार्यालये, संस्था एकमेकांना जोडल्या गेल्या. निर्वासित समाजाने हे केले, तर आपल्यालाही जमेल.

ज्ञान कुलूपबंद ठेवले की काय होते हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुलूप नाही, पण उघड्या दारातून आत जायचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेत तीन गोष्टी ठेवा : लिनक्सचा एक पेनड्राइव्ह, डेटा जाणारी एक चांगली केबल आणि एक वही. वहीत प्रत्येक लॅपटॉपचे पान करा. कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणता, काय बिघडले, कशाने सुटले, कुणी सोडवले.

आणि हे काम एकाच "कॉम्प्युटरवाल्या दादा"कडे राहू देऊ नका. आमच्याकडे आता दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एक मुलगा किंवा मुलगी बाकीच्यांना एक बिघाड दुरुस्त करून दाखवते. त्या शिष्यवृत्तीच्या मुलीने पहिल्या रविवारी विमानाचे बटण दाखवले होते.

जय भीम. नमो बुद्धाय.